वास गेला म्हणजे गॅस गेला, असं नसतं

जुलै उजाडला की झिंक नायट्रेटची बाटली उघडायला मला धाकधूक वाटते. मे महिन्यात आत खडीसाखरेसारखे कोरडे खडे असतात. पाऊस लागून पंधरा दिवस झाले की त्यांचा लगदा होतो आणि चमचा त्यात रुतून बसतो. या क्षाराच्या स्फटिकात मुळातच प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सहा रेणू असतात. ३६ अंशांच्या आसपास तो स्वतःच्याच पाण्यात विरघळतो, आणि वर मुंबईची हवा त्याला आणखी पाणी पाजते.

माझ्या गॅस सेन्सरमधल्या बारीक कांड्या वाढवायला मला १०० मिलिलिटर पाण्यात ०.७४ ग्रॅम झिंक नायट्रेट लागतं आणि ०.३५ ग्रॅम हेक्झामिन. इतकंच. पण ओल्या बाटलीतून ०.७४ ग्रॅम मोजलं तर त्यात पाणीच जास्त येतं आणि झिंक कमी पडतं. पहिल्या वर्षी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मे महिन्यातल्या कांड्या जाड, जुलैतल्या बारीक. मी आधी ओव्हनवर संशय घेतला, मग थर्मामीटरवर. आता ती बाटली डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात असते आणि तिच्यासोबतची सिलिका जेल मी रोज सकाळी बघते. निळी असली तर ठीक, गुलाबी झाली की भट्टीत टाकून पुन्हा निळी करायची. घरी आई पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकते, त्यातलाच हा प्रकार.

मी काय करते असं कुणी नात्यातलं विचारलं तर मी "गॅसचा सेन्सर" एवढंच सांगते. इथे जरा सविस्तर सांगते, कारण गेले काही महिने कामात जे घडलं ते लिहून ठेवायचं आहे.

मी झिंक ऑक्साइडच्या कांड्या उगवते. उगवते हाच शब्द बरोबर आहे, कारण आधी बी पेरावं लागतं. अल्युमिनाच्या नखाएवढ्या पांढऱ्या चकतीवर झिंक ॲसिटेटचं अल्कोहोलमधलं पातळ द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं, धुवायचं, परत सोडायचं. चार-पाच वेळा असं केलं की चकती ३५० अंशांवर वीस मिनिटं तापवायची. ॲसिटेट जळून जातं आणि झिंक ऑक्साइडचे डोळ्यांना न दिसणारे कण चिकटून राहतात. हे बियाणं. मग झिंक नायट्रेट आणि हेक्झामिनच्या द्रावणात चकती उलटी, म्हणजे तोंड खाली करून तरंगत ठेवायची आणि ९२ अंशांच्या ओव्हनमध्ये तीन तास विसरून जायचं. उलटी का? द्रावणातच झिंक ऑक्साइडची पांढरी पावडर तयार होत असते आणि ती खाली बसते. चकती सुलटी ठेवली तर ती पावडर पिकावर धूळ बसावी तशी कांड्यांवर बसते.

तीन तासांनी ओव्हन उघडला की अमोनियाचा आणि फॉर्मेलिनचा मंद वास येतो. हेक्झामिन हळूहळू फुटतं, त्यातून हे दोन निघतात. अमोनियामुळे द्रावण सावकाश अल्कधर्मी होतं आणि कांडीला घाई न करता वाढता येतं. चिमट्यानं चकती उचलून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की आरशावर श्वास सोडल्यावर जशी वाफ दिसते तसा धुरकट थर दिसतो. एवढंच दिसतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मात्र तो थर म्हणजे षटकोनी पेन्सिलींचा दाटीवाटीनं उभा केलेला जुडगा असतो. एका कांडीची जाडी साधारण ८० नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीत अशा हजारभर कांड्या शेजारी शेजारी मावतील. पहिल्यांदा तो फोटो पाहिला तेव्हा मी तो मोबाईलच्या वॉलपेपरला लावला होता आणि तो अजून तिथेच आहे.

आता एवढं बारीक करायचंच कशाला? हे मी माझ्या धाकट्या भावाला दादरच्या भाषेत समजावलं होतं. दिवाळीत रानडे रोडला दोन्ही बाजूंना फेरीवाले बसतात. रस्ता रुंद असेल तर दोन्हीकडचे तीन-तीन फूट गेले तरी मधून माणसं चालतात. पण तेच फेरीवाले सहा फुटांच्या गल्लीत बसले तर गल्लीच बंद. झिंक ऑक्साइड किंवा टिन ऑक्साइड तापवलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतो आणि आतले इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो. पृष्ठभागालगतच्या काही नॅनोमीटरच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनच उरत नाहीत, तिथून वीज जात नाही. कण मोठा असेल तर या पट्ट्यानं फारसं बिघडत नाही. कणच तेवढा बारीक असेल तर सगळी वाट अडते. मग हायड्रोजन सल्फाइडसारखा गॅस येतो, त्या ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होते, अडवलेले इलेक्ट्रॉन परत आत सुटतात, गल्ली मोकळी होते आणि विजेला होणारा रोध धाडकन खाली येतो. आम्ही हा रोधच मोजत बसतो. टिन ऑक्साइडच्या बाबतीत तो पट्टा सुमारे ३ नॅनोमीटरचा असतो, आणि कणाचा आकार त्याच्या दुप्पट, म्हणजे ६ नॅनोमीटरच्या खाली गेला की सेन्सर कमालीचा तिखट होतो, हे जपानमध्ये यामाझोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला हा आकडा पाढ्यासारखा पाठ असतो.

या सगळ्याची सुरुवातही जपानमधलीच. १९६२ साली क्युशू विद्यापीठात सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडचा पातळ थर तापवून त्यावर गॅस ओळखता येतो हे दाखवलं. त्याच वर्षी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या काळात जपानी घरांत गॅसच्या गळतीमुळे स्फोट होत असत, आणि तागुचींच्या डोक्यात तीच गोष्ट होती. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आज दीड-दोनशे रुपयांत जो जाळीचं टोपण घातलेला एमक्यू मालिकेतला सेन्सर मिळतो, तो तागुचींच्या त्या सेन्सरच्याच कुळातला. ही गोष्ट मला फार जवळची वाटते. कुणाच्या तरी घरात स्फोट होऊ नये म्हणून एक माणूस भट्टीपाशी बसला, आणि आता तीच गोष्ट आपल्या बाजारात सुट्या भागांच्या ट्रेमध्ये पडलेली असते.

माझ्या डोक्यातली गोष्ट बाबांची आहे.

बाबा पंचवीस वर्षं गटारांच्या कामावर होते. कायम नोकरी नव्हती, कंत्राटदाराकडे रोजावर. पद्धत अशी होती: पहारीनं मॅनहोलचं झाकण उचलायचं, थोडा वेळ उघडं ठेवायचं, आत झुरळं पळताना दिसतात का बघायचं. झुरळं जिवंत म्हणजे माणूस जगेल. कुणी काडी पेटवून आत टाकायचं. आत मिथेन असेल तर ती काडीच जीव घेईल, हे मला शिकल्यावर कळलं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग कमरेला दोर बांधून उतरायचं. गॅस मोजायचं यंत्र त्यांनी त्या पंचवीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

२००९ च्या मे महिन्यात, पावसाळ्याआधीचा गाळ काढताना, बाबा आत बेशुद्ध पडले. दोर होता आणि वर त्यांच्या टोळीतले दोन काका होते, म्हणून वाचले. त्यातला एक काका त्यांना उचलायला आत उतरायला निघाला होता. दुसऱ्यानं त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं आणि दोघांनी मिळून दोर खेचला. तो कॉलर धरणारा काका नसता तर त्या दिवशी दोन घरं बसली असती. मी तेव्हा आठवीत होते. रात्री दवाखान्यातून आल्यावर बाबा आईला सांगत होते ते मला शब्दन् शब्द आठवतं: "उतरलो तेव्हा सडक्या अंड्याचा वास होता. फावडं मारलं तसा वाढला. मग एकदम गेलाच. म्हटलं, चला, गॅस गेला."

एमएस्सीला असताना एका पुस्तकात हायड्रोजन सल्फाइडचं कोष्टक वाचलं आणि मी ते पान तसंच उघडं ठेवून बराच वेळ बसले होते. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसचा एक भाग; त्या एका पीपीएमच्या शंभराव्या भागालाही नाकाला त्याचा वास येतो. म्हणजे आपलं नाक माझ्या सेन्सरपेक्षा तरबेज. पण १०० पीपीएमच्या आसपास वासाची नस बधिर होते आणि वास येणं थांबतं. ५०० च्या पुढे शुद्ध जाते, आणि १००० च्या आसपास एक-दोन श्वासांत माणूस जाऊ शकतो. बाबांचा गॅस गेला नव्हता. त्यांचं नाक गेलं होतं.

आणि फावडं मारल्यावर वास वाढला, हेही कोष्टकाइतकंच खरं शास्त्र आहे. गटाराच्या गाळात हवा नसते. तिथले जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो गाळात आणि पाण्यात कोंडलेला असतो. गाळ ढवळला की सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा एकदम बाहेर येतो. हवेपेक्षा थोडा जड असल्यामुळे खाली तुंबून राहतो. म्हणून झाकण उघडून वरून एकदा मोजलं, 'ठीक आहे' म्हटलं आणि माणूस उतरवला, याला काही अर्थ नाही. मोजणं सतत व्हायला हवं, आणि यंत्र माणसाच्या छातीपाशी हवं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला सफाईसाठी मॅनहोलमध्ये उतरवायचं नाही, असं २०१३ चा कायदा म्हणतो. १९९३ पासून गटारांत मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना १० लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. मी सेन्सर करते म्हणजे माणसं उतरत राहिली तरी चालेल, असं माझं मुळीच म्हणणं नाही. कुणी माझं काम दाखवून तसं म्हणालं तर ते मला सहन होणार नाही. पण यंत्रं आली तरी झाकणं उघडणारी, काठावर उभी राहणारी, पंपाच्या खोलीत जाणारी माणसं असतीलच. आणि आजही कुठे ना कुठे कुणी उतरतो आहे, हे पेपरात वाचतो आपण.

बाजारात हायड्रोजन सल्फाइडचे चांगले मीटर मिळतात. त्यातले बहुतेक इलेक्ट्रोकेमिकल असतात, १० पीपीएमला ओरडतात आणि त्यांचं काम चोख असतं. पण त्यांचा सेल दोन-तीन वर्षांत संपतो, तो बदलावा लागतो, आणि रोजावर माणसं लावणारा कंत्राटदार तो खर्च करत नाही. मला धातूच्या ऑक्साइडचा सेन्सर हवा आहे तो यासाठी: स्वस्त, टिकाऊ, आणि दहा माणसांना दहा देता येतील असा.

नुसतं झिंक ऑक्साइड सगळ्यांशीच बोलतं. सॅनिटायझर हाताला चोळला तरी रोध खाली, मावशींनी फिनाईलनं लादी पुसली तरी खाली. गेल्या खंडेनवमीला आम्ही लॅबमधल्या यंत्रांची पूजा केली. भट्टीला, ओव्हनला झेंडूची माळ घातली, उदबत्ती लावली. मागे सेन्सरचं रेकॉर्डिंग चालूच होतं. दुसऱ्या दिवशी आलेखात उदबत्ती पेटल्यापासून विझेपर्यंतचा उतार स्वच्छ दिसत होता. मी तो आलेख तारखेसह जपून ठेवला आहे.

हायड्रोजन सल्फाइडला वेगळं ओळखायचं तर तांबं लागतं. माझ्या कांड्यांवर मी कॉपर ऑक्साइडचे बारीक कण बसवते: कॉपर ॲसिटेटमध्ये बुडवायचं आणि ४०० अंशांवर तासभर ठेवायचं. कॉपर ऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड एकमेकांना भिडतात तिथे इलेक्ट्रॉनची नाकाबंदी होते आणि साध्या हवेत रोध खूप चढतो. हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं. ते जवळपास धातूसारखं वीज वाहतं, त्यामुळे नाकाबंदी उठते. दारूची वाफ किंवा उदबत्तीचा धूर हे करू शकत नाही. ही युक्ती माझी नव्हे. टिन ऑक्साइडवर तांबं बसवून हे जगभर झालं आहे, आणि इथे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातही यावर काम झालं आहे. अणुभट्ट्यांना लागणारं जड पाणी करणाऱ्या कोटा आणि मणुगुरूच्या कारखान्यांत हायड्रोजन सल्फाइडच वापरतात, त्यामुळे त्यावर नजर ठेवणारं साधन देशाला लागतंच. (आपल्या अलिबागजवळचा थळचा कारखाना मात्र अमोनियावर चालतो.)

दुसऱ्या वर्षी माझं काम चार महिने अडकलं होतं. सेन्सर पहिल्या आठवड्यात सुरेख चालायचे. मग रोध आपला आपण सरकायला लागायचा, कधी वर, कधी मध्येच तुटल्यासारखा. बारा सेन्सर केले, बाराही तसेच. मी कांड्यांची जाडी बदलली, तांबं कमी-जास्त केलं, भट्टीचं तापमान बदललं. सर म्हणाले, पाया बदल, परत मुळापासून कर. मी चिडले होते, थकले होते.

एका रविवारी आई देव घासत होती. समई, निरांजन, आणि त्यात बाबांची चांदीची अंगठी. ती अंगठी मी लहानपणापासून काळीच पाहिलेली. आई दर महिन्याला टूथपावडर लावून घासायची, आठ दिवसांत परत काळी. बाबांनी काम सोडल्यावर ती काळी पडायचं प्रमाण खूप कमी झालं होतं, हे आईनंच सहज बोलता बोलता सांगितलं. "गटारातली हवा लागायची तिला," ती म्हणाली.

मी हातातला चहा तसाच ठेवला. माझ्या सेन्सरच्या तारा मी चांदीच्या पेस्टनं चिकटवत होते.

सोमवारी सकाळी मायक्रोस्कोपखाली बाराही सेन्सरचे सांधे बघितले. कांड्या जशाच्या तशा होत्या. पेस्टचे ठिपके मात्र कडेनं तपकिरी, मध्ये काळे पडले होते. हायड्रोजन सल्फाइडनं चांदीचं सिल्व्हर सल्फाइड केलं होतं, अगदी अंगठीवर करायचा तसंच, आणि दमट हवेनं त्याला हात दिला होता. मी चार महिने सेन्सरला दोष देत होते आणि बिघाड माझ्या सांध्यात होता. आता सोन्याचे इलेक्ट्रोड असलेल्या चकत्या वापरते, तार सोन्याची. महाग पडतात, पण सरकणं थांबलं. मी घरी येऊन बाबांना हे सांगितलं तेव्हा ते अंगठीकडे बघत म्हणाले, "म्हणजे हिला आधीपासून कळत होतं." हो बाबा. तिला कळत होतं, फक्त ती आठ दिवसांनी सांगायची.

आणखी एक नुकसान सांगून ठेवते, कुणा नवीन मुलीचे महिने वाचतील. गॅसचं चेंबर हवाबंद करायला मी हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन सीलंट वापरलं होतं. तुलनेसाठी आत लॅमिंग्टन रोडचे दोन सेन्सर ठेवले होते. ते हळूहळू मंदावत गेले आणि परत सुधारलेच नाहीत. सिलिकॉनची वाफ तापलेल्या पृष्ठभागावर जाऊन काचेसारखा थर धरते आणि सेन्सर कायमचा आंधळा होतो. चेंबरला सिलिकॉन लावू नका. टेफ्लॉनची गास्केट लावा.

आता मुंबईच्या हवेबद्दल. आमच्या क्षेत्रातले बरेच पेपर सिलिंडरमधल्या कोरड्या हवेत घेतलेले आकडे छापतात. कोरड्या हवेत माझ्याही सेन्सरचा रोध ५ पीपीएमला तीस पट पडतो. पेपरात छान दिसतं. मग तीच हवा पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत आणली, आर्द्रता ८५ टक्क्यांवर नेली, की ते तीसचे नऊ होतात. पाण्याचे रेणू ऑक्सिजनच्या जागा बळकावतात आणि वर स्वतःचे इलेक्ट्रॉनही देऊन जातात, त्यामुळे मुळातला रोधच खाली बसतो आणि पडायला जागाच उरत नाही. गटारातली हवा तर याहून ओली. मी आता पहिल्या दिवसापासून ओल्या हवेतच मोजते. मला नऊ हा आकडा तीसपेक्षा जास्त मोलाचा वाटतो, कारण तो खरा आहे. माझं तर म्हणणं आहे की प्रत्येक पेपरात ८० टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेचा एक तरी आलेख सक्तीचा करावा. एका रिव्ह्यूअरनं मला उलट कोरड्या हवेतले आकडे पुढे आणायला सांगितलं होतं. मी दोन्ही दिले, पण ओले आधी.

राहिला प्रश्न परत येण्याचा. गॅस गेल्यावर कॉपर सल्फाइडचं परत ऑक्साइड व्हायला हवं, तर सेन्सर पुढच्या वेळी गॅस ओळखायला तयार होतो. सेन्सर एरवी चालतो त्या २०० अंशांवर हे फार रेंगाळतं. म्हणून मी सेन्सर तापवणाऱ्या हीटरला मधूनमधून काही सेकंदांसाठी ३५० अंशांचा झटका देते. सल्फाइड जळतं, ऑक्साइड परत येतं. मिथेन असलेल्या जागी एवढं गरम काही न्यायचं म्हणजे त्यावर बारीक जाळी हवीच, खाणीतल्या जुन्या सुरक्षा दिव्याला असायची तशी, आत काही पेटलं तरी ज्वाळा बाहेर येऊ नये म्हणून. मॅनहोलमध्ये न्यायचा तर ती जाळी नीट तपासून प्रमाणित करून घ्यावी लागेल. सध्या प्रयोगापुरती मी स्टीलच्या चहाच्या गाळण्याची दुहेरी जाळी कापून लावली आहे.

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन शिवडीच्या जेट्टीवर गेले. सेन्सर डब्यात, डबा पॉवर बँकेला, पॉवर बँक पिशवीत. ओहोटीची वेळ बघून गेलो होतो. पाणी मागे सरलं की तिथला चिखल उघडा पडतो आणि शिवडी स्टेशनला उतरणाऱ्या प्रत्येकाला तो वास ठाऊक आहे. खाडीच्या चिखलातही तेच सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात. मॅनहोलपाशी जायची परवानगी मला नाही आणि बाबांना तिथे परत न्यायचंही नव्हतं. उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, एवढंच जमण्यासारखं होतं.

सुरुवातीला वाऱ्यानं फार छळलं. हीटर गार पडायचा आणि रेषा थरथरायची. गाळण्यावर दुसरं गाळणं पालथं घातल्यावर ती स्थिर झाली आणि हळूहळू उतरायला लागली. दहा मिनिटांनी बाबा म्हणाले, "मला आता वास येत नाही." मलाही येत नव्हता. हे नाक सवयीनं गप्प होणं, बधिर होणं नव्हे. तरी मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. रेषा खालीच होती. बाबांनी चष्मा लावून ती बराच वेळ बघितली.

मग ते उठले, बाजूला पडलेला बांबू घेतला आणि म्हणाले, "ढवळल्यावर काय दाखवतं ते बघ." वाकून त्यांनी चिखलात बांबू खुपसला, दोनदा फिरवला आणि माझा हात धरून मला वाऱ्याच्या वरच्या बाजूला घेऊन गेले. इतकं सहज, की कितीतरी वर्षं ते रोज हेच करत असावेत. खालून बुडबुडे आले. चौदाव्या सेकंदाला रेषा कोसळली.

परत जागेवर यायला तिला सहा मिनिटं लागली, तीही दोन झटके दिल्यावर. चौदा सेकंद मला चालतील. सहा मिनिटं फार होतात. तेवढ्यात दुसऱ्यांदा फावडं मारून होतं. सोमवारपासून झटका ३५० वरून ३८० अंशांवर नेऊन आणि त्याची वेळ निम्मी करून बघणार आहे. तांब्याचे कण अजून बारीक करता आले तर ते लवकर जळतील, असंही वाटतं आहे. त्यासाठी ॲसिटेटचं द्रावण आणखी पातळ करावं लागेल. चकत्या कालच भट्टीतून काढल्या, आठ आहेत.